आजचे पाहुणे : एक

कुणाच्या घरी जायचं म्हटलं की मला अजूनही नको होतं. बेल वाजवायची, आतून ओढत येणारी पावलं ऐकायची, आणि दार उघडेपर्यंत चेहऱ्यावर काय ठेवायचं ते ठरवायचं. सत्तरी उलटली तरी हे मला जमलेलं नाही. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. तिथे माणसं कागदावरून यायची, आणि कागदावरच्या माणसाला 'या, बसा' म्हणावं लागत नाही.

म्हणून घरात कॉम्प्युटर आला तेव्हा मला घबाड सापडल्यासारखं झालं. जगभरची माणसं आपापल्या वेबसाइट उघड्या टाकून बसलेली. बेल नाही, पायपुसणं नाही. आत शिरावं, भिंतीवर काय टांगलंय ते बघावं आणि कुणाला न कळता बाहेर पडावं. मोठ्या गजबजलेल्या जागी मी जात नसे. मला आवडायच्या त्या आडगल्लीतल्या, एकाच माणसाने एकाच वेडापायी चालवलेल्या जागा.

"घरात चार माणसं आली की तू न्हाणीत जाऊन बसतोस," ताई म्हणायची, "आणि परक्यांच्या घरांतून दिवसभर हिंडतोस. याला काय म्हणतात सांगू का, बाळ?"

"नको सांगूस."

ताई माझी थोरली बहीण. मी लग्न केलं नाही, तिचे यजमान लवकर गेले. आम्ही दोघं एकत्र राहतो. तिला वरची-खालची पूर्ण कवळी आहे आणि समोरच्याला लागेल असं काही बोलायचं असलं की ती आधी अंगठ्याने कवळी घट्ट बसवते. त्यामुळे मला तयारीला थोडा वेळ मिळतो.

आमच्या गावातल्या साप्ताहिकाचा संपादक मला छापखान्यापासून ओळखतो. माझ्या हाताखाली त्याने ऱ्हस्व-दीर्घ गिरवले, आणि आता तो ते विसरून सुखात आहे. त्याला माझं हे हिंडणं कळलं.

"काका, लिहा ना आपल्याला. विचित्र वेबसाइट, दर आठवड्याला एक. पाव पान देतो. कुणाला तोंड द्यायला नको, घरबसल्या काम."

सदराला नाव दिलं 'वाट वाकडी करून'. सुरुवातीला मी फार कोरडं लिहायचो. एक माणूस रस्त्यात पडलेले एकटे हातमोजे टिपतो आणि प्रत्येकाचा जोडीदार कुठे असेल याचा अंदाज लिहितो, त्याबद्दल लिहिलं. बंद पडलेल्या कारखान्यांचे भोंगे जिथे ऐकायला मिळतात त्या जागेबद्दल लिहिलं. एक निवृत्त बसड्रायव्हर थांब्यांवरच्या बाकांना शंभरपैकी गुण देतो आणि कुणालाच पस्तिसाच्या वर जाऊ देत नाही, त्याच्याबद्दल लिहिलं. कुणी वाचलं की नाही देव जाणे.

"सगळं छान आहे," संपादक म्हणाला, "पण जरा चिमटे काढा, काका. वाचकाला गुदगुल्या व्हायला हव्यात."

चिमटे काढणं मला जमेलसं वाटलं नव्हतं. पण जमलं. एकदा मी न्हाव्याकडे दाढीला बसलो होतो, तोंडाला साबण लावलेला, आणि मागच्या बाकावर कुणीतरी माझं वाक्य मोठ्याने वाचून दाखवत होतं. तिघे हसले. न्हावीसुद्धा वस्तरा थांबवून हसला. साबणाखाली माझा चेहरा कसा झाला असेल मला माहीत नाही, पण एवढं हसू मी आयुष्यात कुणाला दिलं नव्हतं. ते मला फार गोड लागलं. पुढे जे झालं त्याचं मूळ त्या खुर्चीत आहे असं मला वाटतं.

त्यानंतर मला ती खिडकी सापडली. तिचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. का ते पुढे कळेलच. आपण 'मागची खिडकी' म्हणू. काळ्यावर पांढरी अक्षरं. चित्र नाही, फोटो नाही, लिहिणाऱ्याचं नाव नाही. रोज एक ओळ, एवढंच.

'पिवळ्या घराच्या गच्चीवर दोन चादरी. एक उलटी वाळत घातलीय.'

'कोपऱ्यावरच्या फाटकाला निळा रंग दिला. आधीचाच बरा होता.'

'भिंतीवरचं मांजर आज उलट्या दिशेने गेलं.'

अशी चार वर्षं. अगदी खाली, बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं : 'आजचे पाहुणे', आणि पुढे आकडा. मी ओळीने चार-पाच दिवस गेलो. रोज तिथे 'दोन' दिसलं. त्यातला एक मी. मग दुसरा कोण?

मी लिहिलं : 'जगाला सांगण्यासारखं काहीही नसताना रोज सांगत राहायला केवढी छाती लागत असेल! इथे पाहुणे येतात दोन. पैकी एक अस्मादिक. दुसरा बहुधा घरमालक स्वतःच, आपल्याकडे कुणी आलंय का ते बघायला बाहेरून चक्कर मारणारा.' खाली पत्ता दिला. ते वाक्य लिहून झाल्यावर मी उठून खोलीत एक फेरी मारली होती. खूश होतो.

अंक निघाल्यावर तीन-चार दिवसांनी मी पुढचा मजकूर द्यायला कचेरीत गेलो होतो. दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, केसांना फडकं बांधलेलं. कोपरापर्यंत हात पांढऱ्या भुकटीने माखलेले आणि अंगावरच्या एप्रनवर गुलाबी मेणाचे ठिपके. काम अर्धं टाकून आल्यासारख्या.

"'वाट वाकडी करून' कोण लिहितं?"

"हे काय, समोरच बसलेत!" संपादकाला कुणी वाचक प्रत्यक्ष आला की आनंद होतो.

मी उठून उभा राहिलो. नमस्कार करावा की नाही ते ठरेपर्यंत त्या बोलल्या.

"ती खिडकी माझी आहे."

"अरे वा! अभिनंदन!" संपादक म्हणाला. "मग? आली की नाही माणसं?"

"काल चारशे सव्वीस."

"बघा काका! पाव पानाची ताकद!"

"मला एक हवा असतो," त्या म्हणाल्या.

संपादकाने हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. मी त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. उभ्यानेच, कामाचं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. त्या कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात, त्यावरून दात बसवून द्यायचे. एक मुलगी. तिला हाच धंदा शिकवायचा होता, तिला नको होता. जाण्याआधी आईला कॉम्प्युटर यावा म्हणून तिनेच ती वेबसाइट करून दिली होती. रोज एक ओळ लिही, बोटांना सवय होईल म्हणाली होती. मग एक दिवस शब्दाने शब्द वाढला आणि ती गेली. फोन बदलला. कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही.

"मी आतून लिहायला जाते तेव्हा तो आकडा हलत नाही. तिने तसंच बसवून दिलंय. म्हणजे तुम्ही छापलंत ते चूक आहे. मी माझ्याच घरी पाहुणी जात नाही."

"हो," मी म्हणालो.

"ती गेल्यापासून रोज तिथे एक यायचं. सुट्टी असो, काही असो, एक. त्या खिडकीत बसून तिने शाळेचा सगळा अभ्यास केला. ते फाटक, ते मांजर, तिच्याशिवाय कुणाला काय त्याचं? रात्री झोपताना मी आकडा बघायची. एक आहे, म्हणजे ती धडधाकट आहे. एवढ्यावर माझं चाललं होतं. आता चारशे जणांत ती आहे की नाही, मी कशी ओळखू? सांगा ना, तुम्ही शिकलेले आहात."

मी खुर्ची त्यांच्याकडे आणखी थोडी सरकवली.

"मधे चार-पाच दिवस दोन आले होते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला वाटलं, तिने कुणाला तरी दाखवलं. बघ, माझी आई असं लिहिते म्हणून. कुणीतरी आहे तिच्या सोबतीला. मी त्या दिवसांत काम करताना गुणगुणत होते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते तुम्ही होतात."

जन्मभर मी दुसऱ्यांच्या चुकांखाली रेघा मारल्या. माझ्या एका वाक्यात किती चुका होत्या ते ती बाई मला उभ्या-उभ्या दाखवत होती, आणि माझं लक्ष कुठे होतं? माझ्या बुटाच्या नाडीकडे.

त्या गेल्यावर संपादक म्हणाला, "काका, मनाला लावून घेऊ नका. आपण छापू की, कृपया तिकडे जाऊ नका म्हणून. माणसं समजूतदार असतात."

मला ते पटलं. यात दोष त्याचा नाही, मला पटलं. मी चार सभ्य ओळी लिहिल्या, बाईंबद्दल काही न सांगता. त्याने वर मथळा टाकला, 'इथे कृपया जाऊ नका!' आणि उद्गारचिन्ह माझं नव्हतं, पण ते मी खोडलंही नाही.

ताईने अंक वाचला, चष्मा काढला आणि अंगठा कवळीकडे नेला. मी तयार झालो.

"अरे, 'आत डोकावू नका' अशी पाटी दारावर लावलीस तर मीसुद्धा डोकावीन. मी! ऐंशी वर्षांची, गुडघे धरून! एवढी पुस्तकं वाचलीस ती काय माणूस सोडून सगळ्यांची?"

संध्याकाळी संपादकाचा फोन आला. "काका, तेराशेच्या वर गेलेत!"

"तुला कसं कळलं?"

"बघून आलो ना. कमी झाले का ते बघायला."

"म्हणजे त्यातला एक तू."

"दोनदा गेलो होतो," तो म्हणाला.

मी स्वतः जाऊ शकत नव्हतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. गेलो की आकडा एकाने वाढणार. नुसतं बघणंसुद्धा बाईंना महाग पडत होतं. काय चाललंय ते कळायचं तर एकच रस्ता होता, आणि त्या रस्त्याच्या शेवटी बेल होती.

तो ताईने सोपा केला. कवळी काढून डबीत घातली आणि डबी माझ्या हातात दिली. "शांग, हलते म्हणून," ती बोळक्या तोंडाने म्हणाली. "जा आता."

बाईंची कामाची खोली एका जुन्या इमारतीत मागच्या बाजूला होती. बेल नव्हतीच, दार उघडंच होतं. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, काही बिजागरीच्या यंत्रात चावा घेतल्यासारखे बसवलेले. एका पट्टीवर मेणात रोवलेले सुटे दात, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत. घासायची मोटर घरघरत होती. आणि टेबलामागे ती खिडकी. पिवळं घर, गच्ची, निळं फाटक. मी सगळं ओळखलं, आणि ओळखलं म्हणून मान खाली घातली.

"कुणाची?" डबी उघडून त्यांनी विचारलं.

"बहिणीची. हलते."

"मग त्या आता जेवतायत कशा?"

"जेवत नाही. बोलतही नाही. घरात जरा शांतता आहे."

त्या हसल्या नाहीत, पण कवळी उजेडात धरून बघायला लागल्या. मी दारातच उभा राहून म्हणालो, "दुसऱ्यांदा छापलं ते पहिल्याहून वाईट झालं. मला माफ करा असं म्हणायलाही मी... किती झाले काल?"

"तेराशे आणि काहीतरी. बघायचं सोडलंय मी."

"तुम्ही एखाद्या ओळीत तिलाच का नाही लिहीत? की ये, म्हणून?"

"मांजराला हाक मारली की ते पळतं," त्या म्हणाल्या. "नुसतं दार उघडं ठेवायचं. चार वर्षं मी तेच केलं. तिथे तुम्ही बँड घेऊन आलात."

त्या आठवड्यात मला टिटवी आठवली. प्रत्यक्ष मी टिटवी पाहिलेली नाही, पुस्तकात वाचली आहे. ती उघड्या माळावर अंडी घालते, आणि कुणी जवळ आलं की पंख मोडल्याचं सोंग करून, लंगडत, ओरडत भलतीकडे पळते. बघणारा तिच्या मागे जातो. मी ठरवलं की वाचकांना पळवायचं. ज्या भडक, करमणुकीच्या जागांना मी नाक मुरडत आलो होतो त्यांच्याबद्दल लिहायला लागलो. तुमच्या जन्माच्या क्षणी चंद्र कुठे होता ते सांगणारी जागा. तुम्ही बसलात तिथून सरळ खाली भोक पाडलं तर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कुठे निघाल ते दाखवणारी. घाबरलेल्या चेहऱ्यांसारख्या दिसणाऱ्या प्लगच्या भोकांचे फोटो जमवणारी. मी इतकं गोड, इतकं लोभस लिहिलं की संपादक म्हणाला, "काका, तुम्ही उशिरा बहरलात." लंगडत, ओरडत मी पळत होतो.

दर आठवड्याला मी बाईंकडे जाऊन विचारायचो. ताईची कवळी केव्हाच ठीक झाली होती, पण कधी ती टोचायची, कधी तिला कोपरा यायचा; ताईच्या तोंडाने माझ्यासाठी बराच त्रास सोसला. आकडा उतरत गेला. एकशे ऐंशी. साठ. अकरा. बाई पुन्हा रोज बघायला लागल्या होत्या. मी दारातून एक पाऊल आत येऊन उभा राहायचो, आणि त्या काम न थांबवता आकडा सांगायच्या. एकदा म्हणाल्या, "तीन", आणि माझ्याकडे बघून मान हलवली. त्या दिवशी मी रिक्षा न करता, रमतगमत घरी चालत गेलो.

पुढच्या आठवड्यात मी विचारलं, "काल किती?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"शून्य. परवाही शून्य." त्यांच्या हातात एक दात होता. त्यांनी तो मेणात बसवला, काढला, पुन्हा बसवला. "गर्दीच्या मागे ती होती असं मी धरून चालले होते. नव्हतीच. तिने तुमचं ते वाचलं असेल. नाहीतर आपल्या आईच्या खिडकीशी हजार माणसं खिदळताना बघितली असतील. मीच लोकांना बोलावलं असं वाटलं असेल तिला. कशाला येईल?"

मी घरी आलो. ताई दुपारची झोपली होती. मी कॉम्प्युटरसमोर बसलो, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तो पत्ता टाकला. त्या दिवशीची ओळ होती : 'गच्चीवर आज काही नाही.' खाली आकडा बदलला. एक.

मी काय करतोय ते मला माहीत होतं. तरी मनात मी त्याला दया म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशीही तो पत्ता टाकला.

दोन दिवसांनी गेलो तर मोटर बंद होती आणि बाई खिडकीशी उभ्या होत्या. मला बघून त्या पुढे आल्या. "आली! परवा आली, कालही आली. एकच." त्यांनी स्टुलावरचे जबडे उचलून बाजूला ठेवले. "बसा ना. उभे का राहता नेहमी? चहा घेणार?" आणि चहा ओतता ओतता म्हणाल्या, "तुमच्यावर मी फारच चिडले हो. तुम्ही तरी मुद्दाम थोडंच केलंत."

त्या खोलीत मला पहिल्यांदा कुणी बसा म्हटलं होतं. चहा मला नको होता. मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो, कारण कप अर्धा ठेवला असता तर त्यांनी कारण विचारलं असतं.

मग मला रोज जावं लागलं. एक दिवस चुकलो तर शून्य. आणि रोज तिथे एकच दिसायचं, म्हणजे मीच. मुलगी येत नव्हती, हे आता जगात फक्त मला माहीत होतं. बाईंच्या ओळी बदलायला लागल्या. 'पिवळ्या घरातली म्हातारी तुझी चौकशी करत होती.' दुसऱ्या दिवशी : 'खिडकीशी बसायची खुर्ची नव्याने विणून घेतली. आता टोचत नाही.' चार वर्षांत ज्या बाईने हाक मारली नव्हती ती हाक मारत होती, आणि त्या हाकेच्या समोर मी बसलो होतो, चष्मा लावून.

ताईने माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं. तिला सगळं सांगायला मला फार वेळ लागला नाही.  मग अंगठा वर गेला, पण कवळीपर्यंत पोचला नाही. तिने तो नुसता ओठावर ठेवला.

"बाळ," ती म्हणाली, "आधी तू तिच्या घरी न विचारता गेलास. आता तिच्या मुलीच्या खुर्चीत जाऊन बसलास. ऊठ तिथून."

त्या दिवशी बाईंकडे गेलो तेव्हा कवळीची डबी बरोबर घेतली नव्हती. बाई मोटरवर कवळी घासत होत्या, आणि घरघर चालू आहे तोवर बोलावं म्हणजे नीट ऐकू जाणार नाही, असा एक भेकड विचार माझ्या मनात येऊन गेला. मी तो येऊ दिला आणि मग म्हणालो, "ती आली नाही. ते मी होतो."

त्यांनी मोटर बंद केली. "काय?"

मला ते पुन्हा, शांततेत सांगावं लागलं.

"कधीपासून?"

"शून्यानंतर पहिल्या दिवसापासून."

त्या हातातल्या कवळीकडे बघत राहिल्या. खिडकीजवळ ती खुर्ची होती, नव्या पिवळ्याधमक वेताने विणलेली.

"म्हणजे खुर्चीचं मी तुम्हाला सांगत होते," त्या म्हणाल्या.

"हो."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि परत कामाला बसल्या.

"निघा. इथे येऊ नका, आणि तिथेही नाही."

मी गेलो नाही. इथेही आणि तिथेही. हे शौर्य म्हणून सांगत नाही. न जाणं मला पहिल्यापासून चांगलं येतं. फक्त यावेळी ते कठीण गेलं.

सदर बंद करा म्हटलं तर संपादक रडकुंडीला आला. शेवटी असं ठरलं की ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी विचारायचं. तेव्हापासून मी लिहिण्याआधी प्रत्येकाला निरोप पाठवतो : मी अमुक, तुमच्याबद्दल लिहू का? तो निरोप पाठवताना मला पुन्हा कुणाची तरी बेल वाजवल्यासारखं होतं. अर्धे लोक उत्तर देत नाहीत. तिघांनी सरळ नको म्हटलं. बाकांना गुण देणाऱ्या बसड्रायव्हरची मी मागाहून परवानगी मागितली, तर त्याने मला शंभरपैकी अकरा गुण दिले. सदर आता पंधरवड्यातून एकदा येतं आणि त्यात चिमटे नसतात. न्हाव्याच्या दुकानात कुणी ते वाचत नाही.

त्यालाही बरेच महिने झाले. परवा सकाळी फोन वाजला. ताईने उचलला, ऐकलं, आणि फोनचं तोंड हाताने झाकून मला म्हणाली, "तुझ्यासाठी. कवळीवाल्या बाई."

मी फोन कानाला लावला. पलीकडे मोटर चालू होती.

"तुम्ही जाता का तिथे?" त्यांनी विचारलं. नमस्कार नाही, काही नाही.

"नाही."

"काल गेला होतात?"

"नाही. त्या दिवसापासून एकदाही नाही."

"तो तुमचा संपादक?"

"तो एकदा जाईल, दोनदा जाईल. रोज एका ठिकाणी जाणारा माणूस नाही तो. विचारू का त्याला?"

"नको." त्या म्हणाल्या. "आणि बहीण?"

"तिला कॉम्प्युटर चालू करता येत नाही."

"गेला आठवडाभर रोज एक आहे," त्या म्हणाल्या. "मी खुर्चीची ती ओळ काढून टाकली होती. तुमच्या सगळ्या दिवसांतल्या ओळी काढल्या. पुन्हा नुसतं गच्ची आणि मांजर लिहिते. पहिल्या दिवशी वाटलं, कुणी वाट चुकलेला असेल. मग वाटलं, तुम्ही."

"मी नाही."

"बघा हं."

"नाही, बाई. मी नाही."

मोटर बंद झाली. मी वाट बघत राहिलो. मी खोटं बोलू शकतो हे त्यांना माहीत होतं, आणि ते आपणहून येऊन सांगू शकतो हेही माहीत होतं. त्या दोन्हींत त्या आता काय तोलत होत्या, ते मला फोनमधून दिसत नव्हतं. माझ्या शब्दावर कुणाचं काही अवलंबून असावं असा प्रसंग माझ्यावर फारसा आलेला नाही. मला उगाचच घाम आला, खरं बोलत असूनही.

"तुम्ही नाही," त्या म्हणाल्या. या वेळी त्यात प्रश्न नव्हता. मग एक खुर्ची सरकल्यासारखा आवाज आला, फरशीवरून, लांबून जवळ. "बरं."

फोन ठेवला गेला. या कधीतरी, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाव्यात अशी माझी अपेक्षा होती हे मला फोन ठेवल्यावर कळलं, आणि मला माझीच लाज वाटली.

"काय म्हणाली?" ताईने विचारलं.

"मी गेलो होतो का, विचारत होत्या."

"मग?"

"नाही म्हटलं."

"आणि तिने मानलं?"

"मानलं वाटतं."

 ताई चहा टाकायला उठली. मी कॉम्प्युटरसमोर जाऊन बसलो, सदराचं काम होतं. बसल्यावर मला एकच गोष्ट करावीशी वाटली : आज बाईंनी काय लिहिलंय ते बघावं, फक्त ओळ वाचावी आणि यावं. मांजर कुठल्या दिशेने गेलं एवढंच. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. ताईने चहा आणून ठेवला, माझ्या हातांकडे पाहिलं, आणि जाता जाता कॉम्प्युटरवर टेबलावरचं फडकं टाकलं.